तिघींची शर्यत: ग्रेड वनमध्ये फिली इतक्या कमी का धावतात?

२७ जून २००९. न्यू यॉर्कच्या बेलमॉन्ट पार्कवर मदर गूस स्टेक्स होती. तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे तरुण माद्यांची शर्यत, दर्जा तेव्हा ग्रेड वन, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यांत वरची पायरी. आणि स्टार्टिंग गेटमध्ये घोड्या किती? तीन. रेचेल अलेक्झांड्रा, मलिबू प्रेयर आणि फ्लॅशिंग. रेचेलने नऊ फर्लांग १ मिनिट ४६.३३ सेकंदांत कापले आणि शर्यत सव्वाएकोणीस लेंग्थने मारली. एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, ढोबळमानाने आठ फूट. म्हणजे तिने रेषा ओलांडली तेव्हा दुसरी घोडी दीडशे फूट मागे होती. याच शर्यतीत १९७५ साली रफियन साडेतेरा लेंग्थने जिंकली होती. तो विक्रमही त्या दिवशी गेला.

वासरांत लंगडी गाय शहाणी, असं हा निकाल वाचून कुणीही म्हणेल. तिघींत पहिलं येण्यात कसला मोठेपणा? पण त्या हरलेल्या दोघींचं पुढे काय झालं ते पाहा. तिसरी, म्हणजे शेवटची आलेली फ्लॅशिंग त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्क राज्यातल्याच साराटोगा रेसकोर्सवर टेस्ट स्टेक्स जिंकली आणि वर्ष संपायच्या आत गझेल स्टेक्सही. दोन्ही तेव्हा ग्रेड वन. दुसरी आलेली मलिबू प्रेयर पुढच्या वर्षी रफियन हँडिकॅप जिंकली, तीही ग्रेड वन. म्हणजे तिघींपैकी प्रत्येक घोडी कधी ना कधी ग्रेड वन विजेती ठरली. वासरं कुठे होती?

छोट्या फील्डबद्दल बोलताना मला नेहमी ही शर्यत आठवते, कारण तिच्यात दोन्ही बाजू आहेत. शर्यत म्हणून ती पाहणाऱ्याचा हिरमोड करणारी होती, बेटिंग करणाऱ्याला तिच्यात काही नव्हतं, आणि तरीही धावलेल्या घोड्या अस्सल होत्या. हे असं का होतं, आणि नरांपेक्षा माद्यांच्या शर्यतींत जास्त का होतं, ते आता बघू.

आधी चार शब्द सरळ करून घेऊ. एका शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांच्या एकूण संख्येला फील्ड म्हणतात. चार वर्षांपर्यंतची मादी म्हणजे फिली, पाचव्या वर्षापासून ती मेअर. थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीसाठीच्या जातीच्या घोड्याचं वय त्याच्या खऱ्या जन्मतारखेवरून धरत नाहीत. उत्तर गोलार्धातली सगळी शिंगरं १ जानेवारीला एकदम एका वर्षाने मोठी होतात. युरोपात शर्यतींची वर्गवारी १९७१ साली सुरू झाली, तिथे वरच्या तीन पायऱ्या ग्रुप वन, टू, थ्री. अमेरिकेने दोन वर्षांनी तसंच केलं आणि नाव दिलं ग्रेड. अमेरिकेत वर्षाला साधारण शंभर ग्रेड वन शर्यती होतात. त्यातल्या बऱ्याच फक्त माद्यांसाठी राखीव असतात. मादीला नरांविरुद्ध उतरायला बंदी नाही. उलट वजनात सूट मिळते, केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या सगळ्यांत प्रसिद्ध शर्यतीत कोल्टच्या, म्हणजे तरुण नराच्या पाठीवर १२६ पौंड तर फिलीच्या पाठीवर १२१. पण अमेरिकेत तिकडे फारशा जणी वळत नाहीत. युरोपात हे जास्त घडतं.

मे महिन्यात चौदा, जुलैत चार

केंटकी ओक्स ही अमेरिकेतल्या फिलींची सगळ्यांत मोठी शर्यत. १८७५ पासून चर्चिल डाउन्सवर, डर्बीच्या आदल्या दिवशी. इथे जास्तीत जास्त चौदा फिलींना जागा असते आणि ती भरते, किंवा भरत आलेली असते. जागेसाठी गुणांची शिडी आहे, हिवाळ्यापासून ठरावीक शर्यतींत गुण मिळवत यावं लागतं. म्हणजे मे महिन्यात अडचण असते ती गर्दीची.

आता जुलैत या. साराटोगाला कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स. त्याच वर्षीच्या, त्याच वयाच्या फिली, तेच नऊ फर्लांग, आणि दर्जा तोच ग्रेड वन. २०२१ साली इथे चार जणी धावल्या. बारा-चौदा फिली अडीच महिन्यांत कुठे गेल्या?

काही दुखापतीने बसल्या, काही विश्रांतीला गेल्या, काहींना गवतावरची धाव मानवते म्हणून त्या टर्फकडे वळल्या. पण मोठं कारण वेगळं आहे. मे महिन्यात उतरंड ठरलेली नसते. प्रत्येक मालकाला वाटत असतं की आपली फिलीच वर्षाची राणी निघेल. बहुतेकदा अजून ती नऊ फर्लांग पळालेलीच नसते, त्या अंतरावर हरायची तर गोष्टच सोडा. स्वप्न फुकट असतं, म्हणून गेट भरतं. ओक्सनंतर मात्र सगळ्यांसमोर निकाल असतो. कोण कुणापेक्षा किती लेंग्थने कमी आहे, ते आकड्यांत छापून येतं. आता तर प्रत्येक धावेला स्पीड फिगर असते, वारा, वळणावर किती बाहेरून धावली, सगळं मोजलेलं. सात लेंग्थने हरलेल्या फिलीचा ट्रेनर पुन्हा त्याच विजेतीसमोर कशाला जाईल? तो दुसरीकडची, जरा हलकी शर्यत शोधतो. डेलावेअर ओक्स आहे, इंडियाना ओक्स आहे, मॉनमथ ओक्स आहे. या शर्यतींचं बक्षीसही बऱ्यापैकी असतं.

म्हणून मी म्हणतो, फील्ड छोटं झालं की आधी विचारावं, कुणामुळे झालं? २००९ ची केंटकी ओक्स घ्या. एरवी भरलेली ही शर्यत त्या वर्षी सात जणींत झाली, आणि रेचेल अलेक्झांड्रा सव्वावीस लेंग्थने जिंकली. पुढच्या महिन्यात मदर गूसला तिच्यासमोर दोघीच उरल्या, यात नवल ते काय! मधल्या काळात तिने प्रीकनेस या डर्बीनंतरच्या मोठ्या शर्यतीत डर्बी विजेत्या माइन दॅट बर्डसह सगळ्या नरांना हरवलं होतं. १९२४ नंतर प्रीकनेस जिंकणारी ती पहिली फिली.

पण चारजणींचं फील्ड म्हणजे निकाल ठरलेला, असंही समजू नका. त्या २०२१ च्या कोचिंग क्लब ओक्समध्ये मालाथाट होती, केंटकी ओक्सची विजेती, तोवर एकदाही न हरलेली. तिला माराकुजाने एका डोक्याच्या अंतराने हरवलं, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. तिसरी आलेली क्लेरियर पुढे त्याच वर्षी कोटिलियन जिंकली, मग दोन वर्षं लागोपाठ ऑग्डेन फिप्स, दोन्ही ग्रेड वन. मालाथाटने पुढच्याच महिन्यात अलाबामा स्टेक्स जिंकली आणि २०२२ साली ब्रीडर्स कप या वर्षअखेरच्या मोठ्या मेळ्यातली माद्यांची शर्यत, डिस्टाफ. चौघींच्या त्या शर्यतीत तीन ग्रेड वन विजेत्या होत्या, एक आधीची, एक त्या दिवशीची, एक नंतरची.

कॅटलॉगचं पान

हे सगळं कोल्टच्या बाबतीतही काही प्रमाणात होतं. फिलीचं गणित जिथे वेगळं होतं ती जागा रेसकोर्सवर नाही, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये आहे.

नराची कारकीर्द संपली की तो स्टॅलियन होतो. चांगला स्टॅलियन एका हंगामात शंभराहून जास्त माद्यांना दाखवला जातो, प्रत्येकीमागे फी. मादीला अकरा महिने पोटात वागवून वर्षाला एकच शिंगरू होतं. म्हणून तिची किंमत संख्येत मिळत नाही, तिच्या नावात मिळते. त्या शिंगराच्या विक्रीच्या वेळी कॅटलॉगमध्ये जे पान छापतात त्यात आईचं, आजीचं, पणजीचं, मावश्यांचं सगळं लिहिलेलं असतं. स्टेक्स शर्यत जिंकलेल्या घोडीचं नाव ठळक कॅपिटल अक्षरांत. दुसरी-तिसरी आलेलीचं ठळक पण साध्या अक्षरांत. बाकीच्यांचं नेहमीच्या बारीक अक्षरांत. याला ब्लॅक टाइप म्हणतात. खरेदीदार पान उघडतो आणि आधी काळी शाई किती आहे ते बघतो. एखाद्या घराण्यात ब्लॅक टाइप आला की तो पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या शिंगरांच्या किमतीत उतरतो.

रक्कम किती? २०१२ साली हाव्हर द ग्रास ही मेअर लिलावात १ कोटी डॉलरला गेली. २०१७ साली साँगबर्ड ९५ लाख डॉलरला. दोघी शर्यतीतून निवृत्त होत होत्या. म्हणजे हा पैसा त्यांच्या पोटच्या शिंगरांवर लावलेला होता.

आता या चष्म्यातून पाच घोड्यांची ग्रेड वन बघा. पाचांपैकी तिघींना ब्लॅक टाइप मिळणार, तोही ग्रेड वनचा. शेवटून तिसरी आलात तरी पानावर कायमचं लिहिलं जाणार, 'ग्रेड वनमध्ये तिसरी'. मग सगळ्यांनी धाव घ्यायला नको का? काही जण घेतातही. अशा शर्यतीत चौथी-पाचवी घोडी बरेचदा याच हिशोबाने उतरलेली असते, जिंकायचा विचारही नसतो, मागे राहून थकलेल्यांना गाठायचं आणि तिसरं यायचं. यात मला काही वावगं वाटत नाही, मालकाने घोडी विकत घेताना पैसे मोजलेले असतात.

पण समोरची बाजूही तेवढीच वजनदार आहे. ग्रेड थ्री जिंकली तर नाव कॅपिटल अक्षरांत येतं. ग्रेड वनमध्ये दुसरी आली तर ठळक, पण साध्या अक्षरांत. 'विजेती' हा शब्द पानावर वेगळाच उठून दिसतो. शिवाय घोडी वर्षभरात धावणार किती वेळा? मोठ्या शर्यतीनंतर चार-पाच आठवडे तिला सावरायला द्यावे लागतात. म्हणजे हंगामात हाताशी पाच-सहा गोळ्या. त्यातली एक चॅम्पियनवर वाया घालवायची की ती दुसरीकडे असताना रिकाम्या मैदानात मारायची? बहुतेक ट्रेनर दुसरं निवडतात. आणि जी घोडी आधीच ग्रेड वन जिंकून बसली आहे, तिच्या मालकाला तर आणखी एक धाव म्हणजे नुसती जोखीम. पाय मोडला तर पैदासही गेली. रफियनचा शेवट याच बेलमॉन्ट पार्कवर, ६ जुलै १९७५ रोजी, फूलिश प्लेझरविरुद्धच्या दोघांच्याच शर्यतीत झाला. पाय मोडला, शस्त्रक्रिया केली, पण तिला वाचवता आलं नाही. हे कुणी विसरलेलं नाही.

एक गंमत मात्र सांगायला हवी. सर्वोत्तम कोल्ट तीन वर्षांचा झाला की स्टॅलियनच्या पैशापुढे त्याचा मालक थांबत नाही, त्याला लगेच पैदाशीला नेतो. सर्वोत्तम फिली उलट चौथ्या-पाचव्या वर्षीही धावताना दिसते, कारण एका शिंगराच्या बदल्यात एक वर्ष थांबणं परवडतं. त्यामुळे वयाने मोठ्या माद्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षं तीच राणी येते, आणि ती आली की बाकीच्या घरी राहतात. मधल्या फळीतली, चांगल्या घराण्यातली पण बेताच्या वेगाची फिली मात्र लवकर निवृत्त होते. नरांमध्ये तशी फळी भरून काढायला खच्ची केलेले घोडे, गेल्डिंग, असतात. त्यांना दुसरं काम नसतं, ते सात-आठ वर्षांचे होईपर्यंत धावत राहतात. माद्यांत असं कुणी नाही.

मुळात घोडेच कमी

याच्या मागे एक मोठा आकडा आहे. उत्तर अमेरिकेत १९८६ साली ५१ हजारांहून जास्त थरोब्रेड शिंगरं जन्माला आली. आता वर्षाला २० हजारही होत नाहीत. त्यातही १९६० साली एक घोडा वर्षाला सरासरी अकरा वेळा धावायचा, आता सहाच्या आसपास. कमी घोडे, आणि प्रत्येकाच्या कमी धावा. शर्यतींची संख्याही घटली, पण तेवढ्या वेगाने नाही. म्हणून सगळ्याच शर्यतींची सरासरी फील्ड नऊच्या जवळून साडेसातच्या खाली आली.

या आटलेल्या तळ्यात मोठ्या शर्यती मात्र वाढत गेल्या. ब्रीडर्स कपमध्ये १९८४ साली मोठ्या माद्यांसाठी डिस्टाफ ही एकच शर्यत होती. १९९९ मध्ये फिली अँड मेअर टर्फ आली, २००७ मध्ये फिली अँड मेअर स्प्रिंट. युरोपने तर २००४ साली एका फटक्यात माद्यांच्या बऱ्याच शर्यती ग्रुप वनला नेल्या. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची फॅलमथ आणि सन चॅरिअट, आयर्लंडमधली मेट्रन, आणि तिथल्याच करा (Curragh) रेसकोर्सवरची प्रिटी पॉली. हेतू चांगला होता. चांगल्या फिली तीन वर्षं झाली की पैदाशीला जात किंवा अमेरिकेला विकल्या जात, त्यांना चौथ्या वर्षी धावायला कारण मिळावं. कारण मिळालं, पण उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत प्रिटी पॉली, फॅलमथ, इंग्लंडमधल्या गुडवुडची नॅसॉ आणि फ्रान्समधल्या दोव्हिलची रॉथशिल्ड अशा ग्रुप वन शर्यती ओळीने आल्या. अंतरं वेगवेगळी आहेत हे खरं, पण आठ ते दहा फर्लांगांत चालेल अशी फिली दोन ठिकाणी एकाच आठवड्यात कशी असेल?

त्यात तबेल्यांची रचना बदलली. पूर्वी पन्नास तबेल्यांत विखुरलेल्या चांगल्या घोड्या आता मोजक्या बड्या ट्रेनरांकडे गोळा होतात. एकाच ट्रेनरकडे तीन उत्तम फिली असतील, आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतील, तर तो त्यांना एकमेकींसमोर कशाला उभं करेल? एक साराटोगाला, एक डेलावेअरला, एक कॅलिफोर्नियात. तिघींचे मालक खूश. रेसिंग सेक्रेटरी, म्हणजे शर्यतींचं वेळापत्रक बांधणारा आणि नोंदी जमवणारा अधिकारी, फोनवर फोन करत राहतो.

बेटिंगवाल्याला काय फरक पडतो

खूप पडतो, आणि रेसकोर्सचा खर्च बराचसा त्याच पैशावर चालतो. पहिल्या दोन जणी क्रमाने ओळखायच्या, त्याला एक्झॅक्टा म्हणतात. बारा घोड्यांत असे १३२ क्रम होतात, पाच घोड्यांत २०. पहिल्या तिघी क्रमाने, ट्रायफेक्टा: बारांत १,३२०, पाचांत ६०. पहिल्या चौघी: बारांत ११,८८०, पाचांत १२०. शक्यता कमी झाल्या की परतावा कमी, आणि परतावा कमी म्हटल्यावर माणूस त्या शर्यतीवर खिसा उघडत नाही. तीनच घोड्या असतील तर पहिल्या तिघी सगळ्यांनाच ठाऊक!

अमेरिकेत एक जास्तीचं दुखणं आहे. शो बेट म्हणजे घोडी पहिल्या तिघांत आली की पैसे. कायद्याने किमान परतावा द्यावाच लागतो, बऱ्याच ठिकाणी डॉलरमागे पाच सेंट. आता समजा शो पूलमध्ये, म्हणजे या बेटवर जमलेल्या एकूण पैशात, एक लाख डॉलर आहेत आणि त्यातले ९५ हजार एकाच फेव्हरिटवर. रेसकोर्स आणि सरकारचा वाटा १६ टक्के धरा, उरले ८४ हजार. फेव्हरिट पहिल्या तिघांत आली, तिच्यासोबतच्या दोघींवर मिळून ३ हजार होते. पाच टक्क्यांनी देणं किती झालं? ९९,७५० अधिक ३,१५०, म्हणजे १,०२,९००. हातात ८४ हजार. उरलेले १८,९०० रेसकोर्सने पदरचे घालायचे. याला मायनस पूल म्हणतात. आणि असे प्रचंड पैसे फेव्हरिटवर शो लावणाऱ्यांना तिकडे नाव आहे, पुलावरून उडी मारणारे. घोडी चौथी आली तर त्यांना तेवढंच शिल्लक राहतं म्हणून. त्यामुळे फील्ड पाचपेक्षा खाली आलं की बरेच रेसकोर्स शो बेटिंगच बंद ठेवतात.

ब्रिटनमध्ये पद्धत निराळी, पण पेच तोच. ईच-वे बेट म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे पहिल्या काहींत येण्यावर. आठ किंवा जास्त घोडे असतील तर पहिले तीन धरतात. पाच ते सात असतील तर पहिले दोनच. चार किंवा कमी, तर फक्त विजेता. म्हणून तिथे आठ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे. सकाळी आठ नोंदी होत्या आणि दुपारी एक घोडी आजारी पडली की एका घोडीने हजारो लोकांच्या बेटिंगचं रूप बदलतं.

धाव कशी बदलते

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, आणि टीव्हीवर याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चौदा घोड्यांत पुढे जायला धडपडणाऱ्या दोन-तीन तरी असतातच. त्यांच्या चढाओढीत सुरुवातीचा वेग वाढतो, त्या दमतात, आणि मागून येणारीला संधी मिळते. चार घोड्यांत असं कुणी नसेल तर पहिला अर्धा मैल चक्क फिरायला निघाल्यासारखा जातो. वेग ठरवणं पुढे असलेल्या जॉकीच्या हातात असतं. त्याने वेग दाबून ठेवला की शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत सगळ्या ताज्या असतात, आणि मग जी आधीच पुढे आहे तिला मागची कशी गाठणार? मागून झेप घेणाऱ्या घोडीचं छोट्या फील्डमध्ये नुकसान होतं. पुढे धावणारी साधी घोडी इथे ग्रेड वन चोरू शकते.

आणि याच्या उलटही होतं. एक जॉकी ठरवतो, फेव्हरिटला सुखाने पुढे जाऊ द्यायचं नाही. तो पहिल्या पावलापासून तिच्या बाजूला चिकटतो. दोघी एकमेकींना दमवतात, आणि शेवटी तिसरीच येऊन दोघींना ओलांडते. चौदांत असं एकटीला लक्ष्य करणं कठीण, चारांत सोपं. म्हणून छोट्या फील्डच्या निकालाकडे पाहताना मी वेळेपेक्षा मधले टप्पे आधी वाचतो. पहिला अर्धा मैल ४९ सेकंदांचा आणि शेवट भन्नाट असेल तर त्या विजेतीला दाद देताना हात राखून ठेवतो. मदर गूसमध्ये रेचेलचा १:४६.३३ हा वेळ बघून मात्र हात राखायची गरज नव्हती. तिला वेग द्यायला कुणीच नव्हतं, तो तिने स्वतःच काढला.

छोट्या फील्डचा एक फायदा आहे. वाट अडली, कुंपणाला दाबली गेली, वळणावर बाहेर फेकली गेली, असल्या सबबी चालत नाहीत. जागा सगळ्यांना असते. जी हरली ती हरली.

आणि कधीकधी तीनच घोडे उभे असले तरी शर्यत पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते. १९८८ साली साराटोगाला व्हिटनी या शर्यतीत तीन जण धावले. पर्सनल एनसाइन ही एकटी मादी, समोर गल्च आणि किंग्ज स्वान हे दोन नर. ती जिंकली. गल्च त्याच वर्षी ब्रीडर्स कप स्प्रिंट जिंकला, आणि पर्सनल एनसाइन तेरापैकी तेरा शर्यती जिंकून निवृत्त झाली. इंग्लंडमध्ये २०२० च्या किंग जॉर्ज या शर्यतीतही तिघंच होते, आणि एनेबल या मेअरने ती शर्यत तिसऱ्यांदा जिंकली, आधी कुणालाही जमलं नव्हतं ते. आदल्या वर्षीच्या यॉर्कशायर ओक्समध्ये तिच्यासमोर तिघीच होत्या, पण त्यातली एक होती मॅजिकल नावाची घोडी, स्वतः ग्रुप वन विजेती. नरांत तर १९८० साली स्पेक्टॅक्युलर बिड या घोड्यासमोर वुडवर्ड शर्यतीत कुणीच उभं राहिलं नाही, तो एकटा बेलमॉन्टला फेरी मारून आला. याला वॉकओव्हर म्हणतात.

दर्जा जातो कसा

शर्यतीचा दर्जा कायमचा नसतो. युरोपात पहिल्या चार क्रमांकांच्या घोड्यांची रेटिंग तीन वर्षं बघतात, माद्यांच्या शर्यतींना त्यात थोडी सवलत असते. अमेरिकेतही समिती दरवर्षी मागच्या काही वर्षांच्या धावलेल्या घोड्यांचा दर्जा तपासते. नुसती संख्या कमी आहे म्हणून कुणी खाली आणत नाही. पण चारच घोड्या आल्या आणि चौथी बेताची असली की सरासरी खाली येते. दोन-तीन वर्षं असंच झालं की पायरी जाते. पायरी गेली की चांगल्या फिली येत नाहीत, मग आणखी घसरण.

न्यू यॉर्कमध्ये हे डोळ्यांदेखत झालं. मदर गूस, गझेल, रफियन, बेल्डम, या चारही एकेकाळी ग्रेड वन होत्या. आज एकही नाही. माझ्या मते हे वाईट झालं नाही. घोड्या वाटल्या जाण्याऐवजी एकत्र यायच्या असतील तर काही दारं बंद व्हायलाच हवीत. पण रफियनच्या नावाची शर्यत ग्रेड टू बघताना बरं वाटत नाही, हेही खरं.

पैसा टाकून प्रश्न सुटेल, असं वाटणारे असतातच. २०१० साली आर्कन्सासच्या ओकलॉन पार्कने माद्यांच्या ॲपल ब्लॉसम शर्यतीचं बक्षीस ५० लाख डॉलर केलं. अट एकच, दोघीही धावल्या पाहिजेत. एक रेचेल अलेक्झांड्रा, आदल्या वर्षीची हॉर्स ऑफ द इयर. दुसरी झेनियाटा, तोवर एकदाही न हरलेली, नरांना हरवून ब्रीडर्स कप क्लासिक जिंकलेली. सगळ्या जगाला ही गाठ हवी होती. मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला रेचेल हिवाळ्यानंतर पहिल्यांदा धावली आणि झार्डाना नावाच्या घोडीकडून हरली. तिच्या मालकाने तिला काढून घेतलं. बक्षीस ५ लाखांवर आलं, झेनियाटा ९ एप्रिलला तेवढ्यासाठी धावली आणि सहज जिंकली. रेचेल त्याच वर्षी निवृत्त झाली, झेनियाटाही. दोघी एका गेटमध्ये कधी उभ्या राहिल्याच नाहीत.